गावाचे फॉर्म, शहराचे फॉर्म

७ नोव्हेंबर २०११
सर्वेचं ट्रेनिंग आज संपलं. बारा वर्षं खासगी दवाखान्यात नर्स होते, आता सहा महिने घरोघर. हे म्हणाले, "पाय टिकतील का तुझे?" टिकतील.
काम सोपं आहे. एक गाव घ्यायचं, एक शहराचा भाग घ्यायचा, आणि मोठे आजार कुठे किती ते लिहायचं. बी.पी., शुगर, लकवा, हार्ट, टी.बी., सिकल सेल. नंतर तुलना. मला नागझिऱ्याच्या जंगलाकडचं गाव मिळालं, कारण मला झाडीची बोली येते (माहेर तिरोड्याकडचं). मनोजला गोंदिया शहर. मनोज माझ्याहून दहा वर्षांनी लहान, जन्म गोंदियातला, बोलणं सगळं हिंदीतून. पोरगा चांगला वाटला.
सर बाहेरगावचे, मोठे डॉक्टर. दोन-तीन आठवड्यांनी एकदा येणार. म्हणाले, "चित्र साधारण माहीत आहे. शहरात बी.पी.-शुगर, गावात टी.बी. आणि सिकल सेल. आपल्याला आकडे हवेत."
माहीत आहे तर मोजायचं कशाला? पण बोलले नाही. पहिलाच दिवस.

९ नोव्हें.
गाव बघितलं. बस सडकेवर सोडते, पुढे पायी. गावच्या आशा कार्यकर्त्या सायत्राबाई फाट्यावर उभ्या होत्या. चाळिशीच्या, बारीक, चालतात मात्र माझ्या दुप्पट.
"बाई, आता कोनी घरी सापडनार नाई. धान कापून रायले सारे."
"मग?"
"मंग काय. बांधीत चला."
गेले धानाच्या शेतात, चप्पल हातात घेऊन धुऱ्याच्या बांधावरून. एका बांधीत पाच माणसं भेटली. हातातलं काम सोडून लगेच बी.पी. बघता येत नाही, म्हणून झाडाखाली पंधरा मिनिटं बसवलं, मग मोजलं, मग परत मोजलं. एक म्हातारी म्हणाली, "बसाले सांगणारी सरकारी बाई पहिल्यांदा पायली." मी सरकारी नाही म्हटलं तरी तिला फरक पडला नाही.
आज एकूण सात फॉर्म.

१२ नोव्हें.
दयाराम. हे नाव विसरणार नाही.
पन्नाशीचे असतील. अंगावर चरबी नावाला नाही. सकाळपासून भारे वाहत होते. बसवलं, पट्टा बांधला. मशीनने दाखवलं २०८/१२२.
वाटलं पट्टा सैल झाला. पुन्हा बांधला. दुसरा हात. २११/११९.
"काका, डोकं दुखते का?"
"नाई जी."
"चक्कर?"
"कायची चक्कर? मले कायीच नाई."
"कधी दवाखान्यात गेलते?"
"गेलतो ना. बैलानं मारलं होतं तवा."
फॉर्मवरचा सातवा प्रश्न असा आहे: हा आजार असल्याचं डॉक्टरांनी तुम्हाला कधी सांगितलं का? दयारामकाकांचं उत्तर नाही. म्हणजे फॉर्मप्रमाणे माणूस ठणठणीत. मशीनचा रकाना अगदी शेवटी, बारीक चौकटीत.
प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी लिहून दिली. आजच जा म्हटलं. त्यांनी चिठ्ठी विडीसारखी कानामागे खोचली आणि पुढचा भारा उचलला. मी ओरडले तेव्हा हसले. सायत्राबाई म्हणाल्या, "बाई, धान पडून हाये. धान घरी आल्याबिगर तो हलत नाई."

१५ नोव्हें.
सातवा प्रश्न — नाही. नाही. नाही. नाही. एका म्हाताऱ्याने उलट मलाच विचारलं, "कोन डॉक्टर?"

१८ नोव्हें.
इतके बी.पी. वर येत आहेत की मलाच शंका आली. मशीन घरी कुडव्याला आणलं. ह्यांना बसवलं, शेजारच्या काकूंना बसवलं, स्वतःचाही बघितला. मग जुन्या दवाखान्यात जाऊन पाऱ्याच्या मशीनशी ताडून पाहिलं. तिथल्या सिस्टरने एका हाताला पाऱ्याचं लावलं, मी दुसऱ्या हाताला आपलं. दोन-तीन पॉइंट इकडेतिकडे, बस. मग हात बदलून पाहिलं. तेच.
मशीन बरोबर. माझा हातही बरोबर. तेवढं मला कळतं.

२६ नोव्हें.
मीटिंग. लिहायची इच्छा नाही, पण लिहिते.
सरांनी मनोजचे शहराचे फॉर्म आधी घेतले. पाच मिनिटांत हातावेगळे. "व्हेरी गुड." मग माझे. सर एकेक पान उलटत गेले आणि चेहरा बदलत गेला.
"सिस्टर, हे शक्य नाही. जंगलाजवळचं गाव, राबणारी माणसं, तेलकट खाणं नाही. इतका बी.पी. कुठून येणार?"
"मोजला, सर. प्रत्येकाचा दोनदा."
"कुठे मोजला?"
"काही घरी, काही बांधीत. पंधरा मिनिटं बसवून."
सरांनी चष्मा काढला. "का घरी बसून भरले? खरं सांगा. असं होतं, मला अनुभव आहे."
मनोज खाली बघत होता. मी उभी राहिले. म्हटलं, "सर, गावाची यादी तुमच्यापुढे आहे. कोणतीही वीस घरं तुम्ही निवडा. मला सांगू नका कोणती. तुमचं पाऱ्याचं मशीन घेऊन या आणि तुम्हीच मोजा. चुकले तर त्याच दिवशी काम सोडते."
सर म्हणाले, "ठीक आहे. दहा तारखेला."
बाहेर चहाच्या टपरीवर मनोज म्हणाला, "दीदी, दिल पे मत लो. सर का मूड खराब था." मी चहा अर्धा टाकून आले. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालंय. झोप नाही म्हणे.

२७ नोव्हें.
"घरी बसून."
रात्रभर हेच दोन शब्द. ह्यांनी विचारलं, "दहा तारखेला आकडे जुळले नाहीत तर?" जुळतील.

३ डिसेंबर
दयारामकाकांचं धान घरी आलं. मी सकाळीच गावात पोचले आणि त्यांच्या दारात बसले. "आज घेऊनच जाते."
"काऊन एवढी मागं लागली वो बाई? मी मरून रायलो का?"
त्यांची बायको आतून म्हणाली, "जाऊन या ना. बाई कवापासून बसून हाये."
गेलो तिघं, मी, काका आणि सायत्राबाई. केंद्रातल्या डॉक्टरीणबाई नवीन होत्या. रीडिंग बघून काकांना तिथेच झोपवलं, गोळी दिली, दोन तास सोडलं नाही. काका छताकडे बघत पडले होते. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. निघताना म्हणाले, "गोळी कितीक दिवस?"
"रोज. नेहमी."
"नेहमी?"
माझ्याकडे असं बघितलं जणू मीच ही बिमारी आणली.

६ डिसें.
काम बंद. सकाळी विहारात. पांढरी साडी, मेणबत्त्या, वंदना. बाहेर आल्यावर ओळखीच्या चार बायकांनी हात पुढे केले, "कल्पना, आमचा पण बघ ना." आज नाही म्हटलं. मग चौघींचाही बघितला.

१० डिसें.
सर आले. जीपमध्ये पाऱ्याचं मशीन, स्टेथोस्कोप आणि खिशात वीस घरांची यादी. मला दाखवली नाही. बरोबरच केलं.
मी ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. सायत्राबाई पुढे, सर मागे, मी शेवटी. पहिल्या घरी सरांनी स्वतः बसवलं, स्वतः पट्टा बांधला, कानाला लावून ऐकलं, वहीत लिहिलं. मग माझा फॉर्म काढून शेजारी धरला. दुसरं घर. तिसरं. पाचव्या घरानंतर सरांनी फॉर्म काढून बघणं बंद केलं.
एका घरी म्हातारी पोवारी बोलीत काहीतरी बोलली, सायत्राबाई हसल्या. सरांनी विचारलं काय म्हणते. "म्हणते, आधी बाई आली, आता बाईचा मास्तर आला."
दयारामकाकांचं घर यादीत नव्हतं. पण ते तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, गाडीवरून उतरताना दिसले. मी सरांना नाव सांगितलं. सात दिवस गोळ्या घेऊनही वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे. सरांनी दोनदा ऐकलं. मग खाटेवर टेकले.
"आधी किती होता म्हणालात?"
"दोनशे अकरा."
"आणि हे भारे वाहत होते?"
सायत्राबाई म्हणाल्या, "वाहत काय जी, साऱ्या गावात सगळ्यात जास्त हाच उचलते."
परत जीपने निघालो. गोरेगावच्या पुढे आल्यावर सर म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं."
"बरं झालं बोललात. नाहीतर तुम्ही आला नसता."
हसले. मग पुढे आम्ही खूप बोललो. शहरात माणूस म्हणतो मला बी.पी. आहे, कारण कोणीतरी मोजला. गोळी चालू असते म्हणून मशीनवर कमी दिसतो. गावात म्हणतो नाही, आणि मशीनवर दोनशे. मग आजार कुठे जास्त? सातव्या प्रश्नाने विचारलं तर शहरात. मशीनने विचारलं तर चित्र दुसरंच. सर म्हणाले, "शुगरचं तसं नाही, शुगर शहरातच जास्त दिसते. सिकल सेल दोन्हीकडे आहे." मान्य. पण बी.पी.चं पूर्वीचं चित्र गेलं.
घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. पाय दुखतायत. आज दुखू देत.

१७ डिसें.
ऑफिसात कॉम्प्युटरवर नोंदी चढवायचं काम. चढवणाऱ्या मुलीला आकडे वाचून दाखवायला मी बसले. आधी माझे, मग मनोजचे. त्याच्या पहिल्या पन्नासेक फॉर्मांत काही खटकलं नाही. १३७/८६, १५२/९१, असे वेडेवाकडे, मशीन देतं तसेच. मग एक गठ्ठा आला. १३०/८०. १२०/८०. १४०/९०. १२०/७०. १३०/८०.
वाचता वाचता थांबले. मुलगी म्हणाली, "मॅडम, आगे?"
हे मशीन असं बोलत नाही. माझ्या साऱ्या गावात दोन्ही आकड्यांच्या शेवटी शून्य अशी रीडिंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इथे पानच्या पान. गठ्ठ्यावर लिहिलंय, राईस मिलमागची वस्ती. माझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटं.
मुलीला म्हटलं, हा गठ्ठा उद्या.
माझे आकडे कोणाच्या डोक्यात बसत नव्हते म्हणून मला चोर ठरवलं. हे बसत होते, म्हणून कोणी बघितलेच नाहीत. मीही नाही.

१८ डिसें., रविवार
वस्तीत गेले. भाजी आणायला जाते म्हणून निघाले, ह्यांनाही सांगितलं नाही.
मिलच्या कोंड्याची धूळ सगळीकडे, पत्र्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर. बरेच लोक छत्तीसगडकडून आलेले, काही आपल्याच जिल्ह्यातले, शेती सुटलेले. नळावर एक बाई भांडी घासत होती. विचारलं, बी.पी. बघायला कोणी आलं होतं का?
"एक भैया आए थे. नाम लिखे, उमर पूछे."
"मशीन लगाया? हात पे पट्टा?"
"नहीं तो. जल्दी में थे बेचारे. फोन आया, रोने जैसे हो गए, चले गए."
आणखी तीन घरी विचारलं. तेच.
भाजी न घेता परत. चिडले होते, पण त्या "रोने जैसे"मुळे राग पुरता येईना.

१९ डिसें.
मनोजला गाठलं. ऑफिसमागे, गाड्या लावतात तिथे. गठ्ठा पुढे धरला. "ये मशीन के आँकडे हैं?"
त्याने बघितलं. नाही म्हणाला नाही. तेवढं त्याचं मानलं. भिंतीला टेकून खाली बसला.
"बच्चा मशीन में था, दीदी."
सातव्या महिन्यातच बाळंतपण झालं. बाळ महिनाभर दवाखान्यात काचेच्या पेटीत. बायको तिकडे, तिच्याजवळ दुसरं कोणी नाही. सकाळी दोन तास सर्वे, बाकी दवाखान्यात. कोणाला सांगितलं नाही, काम जाईल म्हणून. मीटिंगच्या दिवशी त्याच्यासोबत टपरीवर उभी होते आणि मला कळलं नाही. नर्स म्हणवते स्वतःला.
"अब कैसा है?"
"घर आ गया. दो दिन हुए."
मी म्हटलं, मला सांगितलं असतंस तर तुझी घरं मी केली असती. आपलं हिंदी-मराठी मिसळून जे सुचलं ते बोलले. त्या वस्तीत एक जरी माणूस दयारामकाकांसारखा असेल तर तू त्याच्या नावापुढे एकशे वीस-ऐंशी लिहून आलास. आता त्याच्या दारात कोणी जाणार नाही.
तो रडला. मी रडू दिलं.
"सर को आप बताएँगी?"
"नहीं. तू बताएगा. गुरुवारपर्यंत. नाहीतर मी."

२० डिसें.
मी कठोर झाले का? बाळ पेटीत असताना मी काय केलं असतं?
माहीत नाही. फॉर्म कोरे ठेवले असते, हे मात्र माहीत आहे.

२२ डिसें.
दुपारी सरांचा फोन. आवाज थंड. "मनोजने सगळं सांगितलं. तुम्हाला माहीत होतं म्हणे."
"हो सर. रविवारपासून."
"मला का नाही सांगितलं?"
"त्याने सांगावं असं वाटलं."
मग, "मी तुमच्यावर शंका घेतली आणि त्याला शाबासकी दिली."
म्हटलं, "सर, ती वस्ती पुन्हा करायला हवी. मी जाते. मनोजलाही न्यायचं आहे."
"त्याला कशाला?"
"त्याच्याकडे नावं आहेत. आणि त्याने तिथे परत जायला पाहिजे."
हो म्हणाले. मनोजला पुढे ठेवायचं की नाही ते काम संपल्यावर बघतील. मी जास्त बोलले नाही. ते त्यांनी ठरवायचं.

३ जानेवारी २०१२
वस्ती, दिवस पहिला. मनोज गाडी लांबच लावत होता. मी म्हटलं, नळापर्यंत ने. त्या दिवशीची बाई नळावरच होती. "अरे भैया! आज जल्दी नहीं?"
मनोज म्हणाला, "नहीं, भाभी. उस दिन मैंने गलत किया था. आज ठीक से करेंगे." एवढंच. बाईने हात पुसले आणि स्वतःच बाही वर केली.
तिचा १७३/१०४. चौतीस वर्षांची आहे.

५ जाने.
मिलची पाळी संपली की माणसं येतात, त्यामुळे दुपार ते संध्याकाळ. रीडिंग बघून मनोज दर वेळी माझ्याकडे बघतो. आज एका हमालाचा १९६ आला तेव्हा त्याच्या हातातलं पेनच पडलं. हमाल म्हणाला, "क्या हुआ, फेल हो गया क्या मैं?" मनोजने आपल्या गाडीवर बसवून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. दोन तासांनी परत आला, म्हणाला, भरती केलं. मग पुढचा पट्टा बांधायला घेतला.
खोकल्याचेही बरेच. दोघांना थुंकीच्या तपासणीला पाठवलं.

९ जाने.
वस्ती पूर्ण. मनोज प्रत्येक घरी हजर, एक दिवस सुट्टी नाही.
रात्री दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून बघितले. शहरातल्या पक्क्या घरांतले, डॉक्टर-वकील-दुकानदार, त्यांचं सातव्या प्रश्नाला हो, गोळी चालू, आकडा ठीक. वस्तीवाल्यांचं सातव्या प्रश्नाला नाही, आणि आकडे माझ्या गावासारखे. मिल शहरात आहे, नगरपालिकेचा नळ आहे, पाच मिनिटांवर तीन दवाखाने आहेत. तरीही कोणी कधी मोजलेलं नाही.
मग ही वस्ती शहर का गाव?

१२ जाने.
मनोजच्या घरी जाऊन बाळ बघितलं. मुलगी आहे. मूठभर. वजन वाढतंय. माझं बोट घट्ट धरलं. त्याची बायको म्हणाली, "दीदी, आप ही वो दीदी हो?" कोणती दीदी ते विचारलं नाही.

१८ फेब्रुवारी
सर आले. तक्ता तयार. दोन रकाने, ग्रामीण आणि शहरी. वस्ती शहरीमध्ये घातलेली. सगळं मिसळलं की शहराचा आकडा मधोमध येतो आणि वस्ती दिसतच नाही.
म्हटलं, "सर, तिसरा रकाना पाहिजे."
"सिस्टर, मंजुरी दोन गटांची आहे. ग्रामीण आणि शहरी. मध्येच तिसरा गट काढला तर वर प्रश्न विचारतील."
"विचारू देत. उत्तर आहे आपल्याकडे."
"तुम्हाला सोपं वाटतं."
"सोपं नाही वाटत. तुम्ही वीस घरं फिरलात, मिलमागे पण या. मग दोन रकाने ठेवायचे तर ठेवा."
मनोज कोपऱ्यात होता. इतक्या दिवसांत सरांसमोर पहिल्यांदा बोलला. "सर, दीदी सही बोल रही है. मैंने एक बार उनको १२०/८० लिख दिया था. इस टेबल में फिर वही हो रहा है."
सर त्याच्यावर चिडतील असं वाटलं. चिडले नाहीत. तक्ता उचलून बॅगेत घातला. "बघतो" म्हणाले. मिलमागे येईन किंवा नाही, काहीच नाही.
मनोजचं काय, तेही बोलले नाहीत.

५ मार्च
सरांकडून काही नाही. मी विचारणार नाही. पुढच्या आठवड्यापर्यंत. मग विचारेन.
वस्तीतली नळावरची भाभी दवाखान्यात जाऊन गोळ्या घेऊन आली. सोबत तिघींना नेलं.

२४ मार्च
सरांना फोन केला. "वरच्यांशी बोलणं चालू आहे, सिस्टर. तुमचा मुद्दा मी लिहून पाठवला." लिहून पाठवला म्हणजे रकाना झाला असं नाही. पण ह्या माणसाने नोव्हेंबरात "हे शक्य नाही" म्हटलं होतं. चाललंय ते बरं चाललंय.

२ एप्रिल
गावात गेले होते, लोकांना त्यांच्या रिपोर्टच्या चिठ्ठ्या द्यायला. मोहफुलांचे दिवस. गावात माणूस नाही, सगळा वास.
सायत्राबाई म्हणाल्या, "दयारामनं गोळ्या सोडल्या, बाई. बरं वाटते म्हणते."
"कधीपासून?"
"होळीपासून."
सकाळी आठलाच उन्हं चढली होती. त्यांना शोधत जंगलाकडे गेलो. काका-काकू एका मोहाखाली वाकून वेचत होते, टोपली अर्धी भरलेली. मला बघून काकांनी कंबर सरळ केली आणि हसले. म्हटलं बसा. बसले. पंधरा मिनिटं आम्ही चौघं झाडाखाली बसून राहिलो, मधूनमधून फूल टपकत होतं. मग मोजला. १९८/११४.
आकडा त्यांना दाखवला. वाचता येत नाही, पण बघितला.
"बाई, एक विचारू का?"
"विचारा ना."
"शहरातल्या लोकाईले बी.पी. हाये म्हनते. ते गोळी रोज खातेत?"
"रोज. जे खातात ते बरे राहतात."
"आन् आमाले कोनी सांगतलंच नवतं. मंग बिमार जास्त कोन, ते का आमी?"
पाच महिने मी हेच मोजते आहे. सरांचा तक्ता, माझा तिसरा रकाना, सगळं याच्यासाठी.
"काका, ते अजून लिहून झालेलं नाही. तुमचं मात्र मला माहीत आहे."
काकूंनी पदराच्या गाठीतून गोळ्यांचं पान काढलं. होळीपासूनचं, तसंच. एक गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली, पाण्याची बाटली पुढे केली.
त्यांनी गोळी तळहातावर उलटसुलट केली. वर मोहाकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"नेहमी म्हनता ना तुमी."
"हो."
बाटली त्यांनी घेतली. झाकण काढलं. आणि तशीच हातात धरून बसले.